अकरा किलो सफरचंदं

सफरचंदांचा रस काढायला यंत्र लागत नाही, डोकं लागतं, असं मी नितेशला ठणकावून सांगितलं. नितेश आमच्या मूर्तींच्या कारखान्यातला रंगारी. त्याने काळजीने माझ्या डोक्याकडे पाहिलं.

माझे वडील, अण्णा, दीड महिना दवाखान्यात होते. भेटायला येणारा प्रत्येक जण सफरचंदं घेऊन येई आणि अण्णांना ती जन्मात आवडली नाहीत! पण शेवटी म्हणाले, "रोहिणी, टाकू नको हां. लोकांनी मायेनं आणल्यात. तुझ्या पुस्तकातलं ते सायडर कर."

उद्या तेरावं. सायडरसाठी रस आंबवायला महिना लागेल. पण ताज्या रसाचा पहिला ग्लास उद्या त्यांच्या फोटोसमोर ठेवायचाच!

दाबायला सापडला अण्णांचा जुना साचा. प्लास्टरचा, गणपतीच्या बेंबीला तडा गेलेला. त्यात किसलेली सफरचंदं ठासली, वर फळी ठेवली, फळीवर नितेशला बसवलं.

"ताई, बाप्पावर बसलोय मी!"

"साच्यावर बसलायस. हलू नको!"

बेंबीतून धार लागली. खालची बादली भरली. साचा उलटा केला, तर सोंड, पोट, मोदक यांसकट चोथ्याचा गणपती बाहेर! मी हात धुऊन येईपर्यंत नितेशने त्याला डोळे काढले होते.

"अरे, हे काय?"

"सवय हो, ताई. समोर आला की हात चालतो."

डोळे आखलेली मूर्ती पेणमध्ये कोण मोडणार? तेवढ्यात शेजारच्या सगुणाकाकू आल्या.

"अगो, सुतकात गणपती बसवलास?"

"काकू, तो चोथा आहे."

"बाप्पाला चोथा म्हणतेस? थोबाडीत मारून घे आधी!"

तासाभरात आळी लोटली. सुतकाच्या घरचं पाणीही चालत नाही, म्हणून मी निर्धास्त होते. पण काकूंनी निकाल दिला, "तीर्थाला सुतक नाय!" आणि बादलीत पळी बुडाली. माणसं दोनदोनदा तीर्थ घेऊ लागली! तळाशी ग्लासभर उरलं, तेव्हा मी बादलीवर झडप घातली.

"हे अण्णांचं!"

काकूंनी पळी खाली ठेवली. "मी रोज दोन नेत होते गो. एक तरी खाल्लं का त्यानं?"

"खाल्लं, काकू. सालासकट."

तेराव्याला ग्लास फोटोसमोर ठेवला. अण्णांचा चेहरा दवाखान्यात असायचा तसाच वाटला. कारण बाप्पाच्या दर्शनाला कोणी रिकाम्या हाताने येत नाही, आणि या बाप्पाला काय आवडत असेल, याबद्दल आळीत दुमत नव्हतं.

आता घरात चौदा किलो आहेत.