भालेराव सरांना परत घ्या

गेल्या रविवारी सकाळी, मिसळीच्या प्लेटा उष्ट्या पडलेल्या असताना, भालेराव सरांना आमच्या 'वाचनालय वाचवा' ग्रुपमधून काढण्यात आलं. नोटीस नाही, बाजू मांडायची संधी नाही. काढलं ॲडमिन तुषारने. हा अन्याय आहे आणि मी त्याला अन्यायच म्हणणार.

सरांचा गुन्हा ऐका. महापालिकेत न्यायला आम्हाला आमचंच एक जुनं पत्रक हवं होतं. तुषारने ग्रुपवर, कधी नव्हे ते मराठी अक्षरांत, विचारलं, "त्र्यंबकेश्वर रोडचा उल्लेख कुठल्या पत्रकात आहे?" सरांचं उत्तर लगेच आलं: "तिन्ही पद्धतींनी शोधलं. 'इन' पहिला, 'फाइंड' दुसरा, रेजेक्स शेवटचा." पत्रक कुठलं, ते सांगायचं राहूनच गेलं.

सरांची सिडकोत टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. मशीनं भंगारात गेली, वेगाचं वेड घरी आलं. आता सर पायथन नावाची संगणकाची भाषा शिकलेत. ग्रुपवरचा सगळा मजकूर एका फाइलीत भरायचा, त्यात एखादा शब्द शोधायचा आणि कुठली पद्धत आधी पोचते ते मोजायचं, हा त्यांचा दिवस. चहा आज बरा झालाय म्हणा, लगेच विचारणार, "मोजलं का?"

"'इन' म्हणजे सरळ माणूस, आहे का नाही तेवढंच सांगतो," असं ते समजावतात. "'फाइंड' जागाही दाखवतो. आणि रेजेक्स नमुन्यावरून शोधतो, तो म्हणजे जावई. येतच नाही लवकर, पण आला की मान ठेवावा लागतो."

इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी मात्र ते वाचतही नाहीत. "बोटांचा आळस आहे तो, पत्रकवाले!" पत्रकवाली म्हणजे मी, ग्रुपची पत्रकं मीच लिहिते.

मी तुषारला जाब विचारला. तो उखडला. "मी काही विचारलं की उत्तर नाही. शर्यतीचे निकाल मात्र रोज! माज आहे नुसता."

मग मी सरांकडे गेले. दोन खोल्या, एक माणूस, एक कॉम्प्युटर. मला वाटलं, खचले असतील. कसले! "बस. शर्यत बघ. जुनी फाइल आहे माझ्याकडे."

"सर, तुम्हाला काढलंय."

"ते कळलं. हे बघ, 'देवळा' हे गावाचं नाव लहान, म्हणून शोधताना उड्या लहान. 'त्र्यंबकेश्वर' लांब, म्हणून लांब उड्या. आणि सगळ्यात जास्त वेळ कुणाला? जो शब्द नाहीच, त्याला. पार शेवटपर्यंत जावं लागतं."

दाखवायला त्यांनी टाइप केलं: 'जेवलात'. तिन्ही पद्धती शेवटपर्यंत गेल्या आणि हात हलवत परतल्या.

"खात्रीचा शब्द आहे," सर हसत म्हणाले. "रोज ह्याच्यावरच चाचणी घेतो. आपल्या ग्रुपात नाहीच तो."

मला एकदम पावसाळ्यातला सरांचा ताप आठवला.

"सर, इंग्रजी अक्षरांत शोधा. jevlat."

"मी तसलं टाइप करत नाही."

"एकदा. चळवळीसाठी."

नाक मुरडत त्यांनी टाइप केलं. सापडलं. खाली आणखी सापडलं. सर तापाने पडून होते तेव्हा रोज एक मेसेज होता: sir jevlat ka. सगळे तुषारचे.

सर पडद्याकडे बघत बसले. मला राहवलं नाही. "मोजलं का?"

"राहिलं," सर म्हणाले.

मग फोन घेतला, चष्मा पुसला आणि तुषारला एकच शब्द पाठवला, पूर्णविरामासकट: 'जेवलो.'

तुषार सरांना परत घेईल, न घेऊन सांगतो कुणाला. माझी मागणी तुमच्याकडे आहे. तुमच्याही ग्रुपात असा एक त्रासदायक माणूस असेल. त्याला काढायच्या आधी विचारा, जेवलात का. त्याला वाचता येईल अशा अक्षरांत विचारा. आत्ता, हा कागद खाली ठेवून.