बातमीत बसवणारे तात्या

आमच्या शिरूर कासारात बातमी विचारली की माणूस ती तोंडानं सांगतो. भीमराव तात्या सांगत नाहीत. "काय झालं, तात्या?" म्हटलं की पिशवीतून काळा डबा काढतात, विचारणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्ट्यानं आवळतात आणि म्हणतात, "वाचायचे दिवस गेले बे. बातमीत बस!"

तात्या एका साप्ताहिकाचे वार्ताहर. चारी बाजूंचं एकदम टिपणारा कॅमेरा आणि ते बघायचा हा डबा त्यांना भाच्यानं दिला. त्या डब्यात डोळे घातले की मान फिरवाल तिकडं बातमी. आता माझं आहे सलून, आणि माझी खुर्ची गरागरा फिरते, एवढाच तिचा गुन्हा. तात्यांनी तीच ताब्यात घेतली. गिऱ्हाईक उभं आणि खुर्चीत बातमीवाला! एकदा शेजारचा किराणावाला नदीच्या पुरात बसला. पाणी आलं म्हणून त्यानं पाय उचलले ते थेट माझ्या आरशावर. आरसा फुटला. तात्या खूश. "बघ गजा, बातमी कशी अंगात भिनली!"

मी जातीचा भित्रा. तरी एके दिवशी त्यांनी मलाच बसवलं.

धुकं. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस. लांब धुक्यात ऊस तोडता तोडता मान वळवून बघणारी एक बाई, कोयत्यांचे आवाज, आणि माझ्या हाताशी काठ्यांना बांधलेली झोळी. झोळीत लेकरू. एवढ्यात मागं पाचट वाजलं. मी वळलो. कुणी नाही. मग डावीकडं वाजलं, आणखी जवळ. शेजारच्या फडात बिबट्या दिसल्याचं तात्यांनी आधीच सांगितलं होतं. लेकरू पाय हलवत हसत होतं, आणि जवळ एक माणूस नाही. मी बोंब ठोकली नि डबा ओरबाडून काढला. अंगाला दरदरून घाम!

"काय होतं हो ते?"

"ठाऊक न्हाई. कॅमेरा ठेवून मी लांब गेलतो. घरी आल्यावर बघितलं. एकदाच. पुन्हा धाडस न्हाई झालं."

"लेकरू कुणाचं?"

"माझ्या चंदाचं." तात्या खाली बघत बोलले. "ही बातमी मागच्या सालची. आता पोरगी चालाय लागली. दिवाळी झाली की तिला घेऊन चंदा पुन्हा ऊसतोडीला, फडात."

"मग पोरीला गावी ठेवा म्हणून सांगा की चंदाच्या सासूला!"

तहसीलदाराला भर कचेरीत जाब विचारणारा हा माणूस, पण डब्याचा पट्टा उगाच गुंडाळायला लागला. "लेकीच्या सासरी बापानं काय बोलायचं बे? त्यांचं घर, त्यांचं लेकरू."

मग बाजारच्या दिवशी ते विहीणबाईंनाच घेऊन आले. मी गिऱ्हाइकं बाहेर काढली, पडदा ओढला.

"आवो, गड्यांच्या खुर्चीत बसू व्हय मी?"

"जरा बातमी बघा, विहीणबाई." तात्यांनी डबा माझ्या हातात दिला, पट्टा मीच आवळला.

बाई आधी हसल्या. "अगं बया, ही तर आपली चंदा!" मग हसू थांबलं. खुर्ची हळूहळू मागं फिरली. एकदम त्या उठल्या आणि दोन्ही हातांनी हवेत उचलायला लागल्या. "पोरगी उचला! आगं चंदे, पोरगी!" मी धरलं नसतं तर तोंडावर आपटल्या असत्या.

डबा काढल्यावर त्या बराच वेळ पदरानं तोंड पुसत राहिल्या. "औंदा पोरगी माझ्यापाशी ऱ्हाईल," म्हणाल्या. "इवाई, तुमी तोंडानं सांगितलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं."

तात्या नुसता डबा पुसत बसले.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या गाड्या भरून गेल्या, चंदाही गेली. त्या दुपारी तात्या आले आणि स्वतःच खुर्चीत बसले. डबा स्वतःच्या डोळ्यांवर चढवला. बातमी तीच, फडातली. त्या बातमीत चंदा दर दोन उसांमागं मान वळवून झोळीकडं बघते.

तात्या पुढं वाकले.

"मागं नको बघू, चंदे," हळूच म्हणाले. "पोरगी घरी हाय. खाली बघ, बाई. हाताला कोयता लागंल."