आमच्या प्रोसेसरचे २,८४६ गुण

कोणत्याही वस्तूची खरी लायकी ती वापरात नसतानाच कळते. वापरात असली की ती कामात गुंतते, आणि कामात गुंतलेल्याला स्वतःचे गुण दाखवायला सवड कुठली? हे तत्त्व आमच्या जन्मनोंद कार्यालयाने तेरा वर्षं जुन्या आपल्या एकुलत्या एका संगणकाच्या बाबतीत नुकतंच सिद्ध केलं. चाचणी समितीचा सदस्य-सचिव मीच होतो, म्हणून अधिकाराने सांगतो. (अध्यक्ष साहेब होते. ते पहिल्या दिवशी नारळ फोडायला आले आणि मग थेट निकालाला आले.)

आधी यंत्राची ओळख करून देतो. संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. आमच्या प्रोसेसरला दोन गाभे आहेत. एक गाभा काम करतो आणि दुसरा ते काम आपल्याकडे तर येत नाही ना, याकडे लक्ष ठेवतो. (आमच्या आस्थापना विभागाची रचनाही अशीच आहे आणि तिच्याबद्दल कधी तक्रार आलेली नाही.) वेग २.९३ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला दोनशे त्र्याण्णव कोटी ठोके. असे पुष्कळ सेकंद गेले की पडद्यावर पहिली खिडकी उघडते. हाताशी ठेवायची स्मृती तीन मेगाबाइट. विजेचा खप पासष्ट वॅट. ऐन कामात तापमान चौऱ्याहत्तर अंश, त्यामुळे शिपाईमामा थंडीत आपला डबा त्याच्या डोक्यावर ठेवतात. जन्माचा एक दाखला काढायला हे यंत्र चार मिनिटं घेतं, आणि तेरा वर्षांत त्या चार मिनिटांमुळे कुणाचं काही अडलं नव्हतं.

अडलं ते एका प्रश्नामुळे. एका सोमवारी शिवणकाम करणाऱ्या एक ताई खिडकीशी आल्या. त्यांना आईच्या जन्माचा दाखला हवा होता. आईला काचबिंदू. उजवा डोळा गेल्या वर्षीच गेला होता आणि डावा वाचवायचा तर महिन्याच्या आत शस्त्रक्रिया करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी मोफत शस्त्रक्रियांचं शिबिर पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी होतं. वयाचा पुरावा दाखवून नाव घालायची मुदत आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळपर्यंत. म्हणजे दहा दिवस हातात होते, आणि काम चार मिनिटांचं.

ऑपरेटर बाईंनी नोंद शोधायला घातली. यंत्र घरघरू लागलं. ताईंनी आपलं सहज विचारलं, "मशीन जुनं आहे का हो? हळू चालतंय."

बाहेर माणसं सहज बोलतात, ते ठीक आहे. कार्यालयात सहज असं काही नसतं. तो प्रश्न माझ्या कानावर पडला, आणि जबाबदार माणसाच्या कानावर पडला की प्रश्नाची तोंडी तक्रार होते. तक्रार वहीत चढली, चौकशी लागली. नियमानुसार दोन गोष्टी ठरल्या. एक, यंत्र कालबाह्य आहे की नाही ते चाचणीचे गुण सांगतील. अडीच हजारांच्या खाली आलं तर कालबाह्य. दोन, निकाल लागेपर्यंत त्या यंत्रावर काम करायचं नाही, कारण यंत्र हाच पुरावा.

"अहो भाऊसाहेब, दाखला निघालाय की," ऑपरेटर बाई म्हणाल्या. "छपाईचं बटण तेवढं दाबायचं राहिलंय."

मी त्यांना बटणावरचं बोट काढायला सांगितलं.

पहिल्या फेरीत यंत्राला १,९१२ गुण पडले. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं एखादा उतावळा म्हणाला असता. पण समितीचा यंत्रावर विश्वास होता. चाचणीच्या वेळी दुसरं काहीही चालू नसावं, असं पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं आहे. आम्ही जन्मनोंदींचा प्रोग्रॅम बंद केला (त्यात ताईंच्या आईची नोंद उघडी होती, ती मिटली). गुण २,३१०. बुधवारी पंख्यातली धूळ काढली. ती एकशे चाळीस ग्रॅम भरली, तिचा पंचनामा झाला, पाकीट सील झालं. गुण २,४४८.

आता राहिले बावन्न. इथे समितीने जो विचार केला त्याचं मला आजही कौतुक वाटतं. प्रोसेसर तापला की मंदावतो. मग खोली तापवतं कोण? एक माणूस नुसता उभा राहिला तरी शंभरेक वॅट उष्णता टाकतो. आमच्या रांगेत सरासरी एकोणीस माणसं. म्हणजे एकोणतीस प्रोसेसरांची उष्णता आमच्या दालनात विनाकारण उभी होती, आणि त्यातलं कुणी एक बेरीजही करत नव्हतं. रांग आवारात हलवली, खिडकीचं दार लावून घेतलं. गुण २,७३१. मग ऑपरेटर बाईंनाही बाहेर बसवलं. त्या अधूनमधून सुस्कारे टाकत, आणि सुस्कारा गरम असतो.

ताई रोज येत होत्या. शिवणाची पिशवी खांद्याला, दोरे तसेच पदराला चिकटलेले. "भाऊसाहेब, मी तक्रार केलीच नव्हती. मशीन फार छान आहे, असं हवं तर लिहून देते." मी त्यांना समजावलं की तक्रार मागे घ्यायचा अर्ज छापील नमुन्यातच लागतो आणि तो नमुना त्याच संगणकात आहे. त्यांनी तेच मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. लोकांना कार्यपद्धती समजून घ्यायला वेळ लागतो.

शेवटच्या गुरुवारी दुपारी ऑपरेटर बाई माझ्या टेबलाशी आल्या. "दोन फेऱ्यांच्या मधे चार मिनिटं द्या. मी काढून देते. कुणाला कळणार पण नाही."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? माझीही आई होती. पण त्या चार मिनिटांनी यंत्र तापलं असतं, पुन्हा गार व्हायला चाळीस मिनिटं गेली असती, आणि साहेब पाचला निकालासाठी येणार होते. मी नाही म्हणालो. घरी हे सांगितलं तर आमची ही म्हणाली, "साहेबांना फोन करून जरा उशिरा या म्हणायचं." भाजी चिरता चिरता प्रशासन सोपं वाटतं.

पाच वाजता निकाल लागला. तीन फेऱ्यांची सरासरी २,८४६. टाळ्या झाल्या. साहेबांनी यंत्राच्या पाठीवर थाप मारली आणि हात पुसला. यंत्र कालबाह्य नाही हे सिद्ध झाल्याने नवीन यंत्राची मागणी रद्द झाली. शिवाय कामाने गुण घसरतात हेही सिद्ध झाल्याने, पुढच्या मंगळवारपासून हे यंत्र फक्त मासिक चाचणीसाठी वापरावं असा आदेश निघाला. दाखल्यांसाठी पर्यायी व्यवस्था विचाराधीन आहे.

मधल्या सोमवारी, यंत्राचा शेवटचा दाखला म्हणून, ताईंचा काढला. तीन मिनिटं पन्नास सेकंद लागली. (धूळ काढल्याचा परिणाम.)

त्या दिवशी ताई आईला घेऊन आल्या होत्या. शिबिर शुक्रवारीच झालं होतं. पुढचं अकरा महिन्यांनी. आजी बाहेरच्या बाकावर बसल्या, कागद नाकाला लागेल इतका जवळ धरला, मग खाली घेतला आणि शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

"वय बरोबर पडलंय ना?" त्यांनी विचारलं.

"शहात्तर. बरोबर आहे," ऑपरेटर बाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

"आणि मशीन? ते चांगलं निघालं का हो?"

"उत्तम निघालं, आजी," मी म्हणालो.

"बरं झालं बाई. नाहीतर सगळ्यांची उगाच धावपळ."

हा अहवाल मी आतापर्यंत ज्याला ज्याला वाचायला दिला, त्याला गुण अगदी तोंडपाठ झाले. तुम्हालाही झाले असतील: दोन हजार आठशे सेहेचाळीस. आता एवढंच सांगा, आजींचा वाचवायचा डोळा कोणता होता?

(वर जाऊन बघू नका. आम्हालाही फाईल उघडावी लागली.)