दुचाकीवर दोघे

वामनरावांनी स्वतःच लिहिलेली नोटीस सातव्यांदा वाचली. तिच्यात एकही चूक सापडेना, तेव्हा त्यांना जास्तच भीती वाटू लागली.

हिंगण्याच्या त्या कारखान्यात ते आवक-जावक कारकून होते. गेल्या दोन-चार वर्षांत कामगारांनी धडाधड मोटारसायकली घेतल्या होत्या. त्यांच्या शेडमध्ये जागा साठांची आणि गाड्या येत एकशेदहा. उरलेल्या ट्रकच्या वाटेत उभ्या राहत.

“मोटारसायकलवर दोघं असतील तरच आत घ्यायचं,” मॅनेजर साहेबांनी सांगितले होते. “आपोआप गाड्या निम्म्या होतील. नोटीस तुम्ही काढा, मराठीत. पुस्तकं वाचता ना? पण घोटाळा नको. खापरखेड्याच्या साइटवर कारकून मागताहेत, लक्षात आहे ना?”

वामनरावांच्या चांगलेच लक्षात होते. खापरखेड्याला म्हणे वीजकेंद्राच्या चिमण्यांमुळे चहावर राखेची साय धरत असे. तेही त्यांनी सोसले असते. पण तिथून बसने परत येईपर्यंत नागपूरच्या महाल भागातले वाचनालय बंद झाले असते, आणि वाचनालयातला तो एक तास सोडला तर दिवसभरात त्यांना कोणी ‘बसा’ म्हणत नसे.

“फटफटी लिवा न जी, सरळ,” त्यांच्या पत्नी अंजनाबाई घरी कणीक मळता मळता म्हणाल्या होत्या.

“फटफटी शब्द नोटिशीत शोभत नाही वं.”

त्यांनी शब्दकोश उघडला, बंद केला, आणि लिहिले : ‘उद्यापासून दुचाकीवर दोघे असल्याखेरीज फाटकातून आत प्रवेश मिळणार नाही.’

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीप्रमाणे सायकलवरून फाटकाशी आले, तर चौकीदार लहानू काठी आडवी धरून उभा.

“दुसरा कुठं हाय?”

“दुसरा कोण?”

“नोटीस तुमीच लिवली नं? दुचाकीवर दोघं.”

“अरे लहानू, माझी सायकल आहे!”

“सायकलले चाकं किती जी?”

वामनरावांनी खाली वाकून पाहिले. “दोन.”

“मंग?”

वामनराव सायकल घेऊन बाजूला झाले. मागे सायकलवाल्यांची रांग लागली होती. जे हुशार होते ते एकमेकांना कॅरियरवर बसवून फेरी मारून येत होते. नेहमी पायी येणाऱ्या बाबारावांना तर चौघे जण आपल्या सायकलीकडे ओढत होते.

“मले फाडून वाटून घ्या लेकहो!” बाबाराव ओरडत होते.

तेवढ्यात फोरमन कवडू घामाघूम होऊन पायी आला. “वामनराव, काय लिवून ठेवलं गा तुमी? नाक्यावर हवालदारानं वीस सायकली धरल्या. डबल सीटचा गुन्हा हाय म्हणते. मी सांगितलं, कंपनीचा हुकूम हाय. आता तो इकडंच येऊन राहिला, हुकूम देनाऱ्याले पकडाले!”

सातचा भोंगा झाला होता, निम्मी पाळी बाहेर होती आणि साहेबांची जीप यायची वेळ झाली होती. वामनरावांना चहाच्या कपावरची साय दिसू लागली.

हवालदार आला. तोही सायकलवरून, एकटाच.

“दोघं पाहिजेत,” लहानू म्हणाला.

“अबे, मी पोलीस हाय!”

“पोलीस असान जी. पन एकटेच नं.”

हवालदार तापला, लहानू हलला नाही. शेवटी लहानूनेच तोड काढली. “वामनरावजींच्या सायकलले कॅरियर नाही, तुमच्या हाय. ते बाहेर, तुमी बाहेर. बसवा त्याह्यले मांगं आनि चला आत.”

हवालदार इतका घाईत होता की त्याने खरेच वामनरावांना मागे बसवले आणि पायडल मारले. सायकल लचकत फाटकातून आत गेली, तशी रांगेतून एकदम आरोळी उठली, “हवालदारसाहेब, डबल सीट!”

हवालदार खाली उतरला. त्याने आधी सायकलकडे पाहिले, मग वामनरावांकडे.

“मी काही पाह्यलं नाही,” तो हळूच म्हणाला. “तुमीही काही पाह्यलं नाही.”

नाक्यावरच्या वीस सायकली पाच मिनिटांत सुटल्या. पण दोघे मिळून एक सायकल हाकण्यात कामगारांचा दम निघाला. इकडे मोटारसायकलवाल्यांनाही मागे बसायला माणूस हवाच होता. तेव्हा तिसऱ्या दिवशी सायकलवाल्यांनी सायकली घरीच ठेवल्या आणि मोटारसायकलींवर मागे चढून आले. मोटारसायकल एकही कमी झाली नाही. सायकलींची शेजारची शेड मात्र रिकामी पडली, आणि उरलेल्या पन्नास गाड्या ऐटीत तिच्यात जाऊन उभ्या राहिल्या.

साहेबांनी दोन्ही शेड पाहिल्या, मोकळी वाट पाहिली आणि वामनरावांना बोलावले.

“कमाल केलीत! सायकलींचं माझ्या डोक्यातच नव्हतं. तुम्ही मुद्दाम ‘दुचाकी’ लिहिलंत ना?”

वामनरावांनी खरे सांगायला तोंड उघडले.

“खापरखेड्यालाही हाच त्रास आहे,” साहेब पुढे म्हणाले. “तिथल्या साहेबांना तुमचं नाव कळवलंय. सोमवारपासून तुम्ही तिकडे.”

घरी वामनराव खापरखेड्यासाठी नवी नोटीस लिहायला बसले.

“आता तरी फटफटी लिवा,” अंजनाबाई म्हणाल्या. त्यांनी निमूटपणे लिहिले.

मंगळवारी सकाळी खापरखेड्याच्या फाटकावर चौकीदाराने एका माणसाला अडवले. तो धोंडबा, वायरमन. एकटाच लुनावर बसलेला.

“हे फटफटी नोहे गा,” धोंडबा म्हणाला. “पाहा, पायडल हायेत.”

“आवाज तं करते फटफट!” चौकीदार वामनरावांकडे वळला. “बाबूजी, याले कशात धरू?”

वामनरावांनी लुनाच्या भोवती एक फेरी मारली. तिला इंजिन होते आणि पायडलही. पिशवीतल्या शब्दकोशाकडे त्यांचा हात गेला आणि अर्ध्यातून परत आला.

“मला... खरंच माहीत नाही,” ते म्हणाले.

नोटीस लिहिणाऱ्याला माहीत नाही, हे ऐकून धोंडबाला त्यांची दया आली. “तुमी राहता कुठं जी?”

“नागपूरले. महालात.”

“मी बाजूच्याच इतवारीत. मंग बसत जा नं माह्या मांगं! दोघं झालो का फटफटी असो नाही तं सायकल, कोन इचारते?”

त्या संध्याकाळी चढ आला की लुना हाश्शहुश्श करी आणि एकाला उतरावे लागे. तो एक दर वेळी वामनरावच असत. तरीही वाचनालय बंद व्हायला पंचवीस मिनिटे असताना ते दारात पोहोचले, चष्म्यावर राखेची साय घेऊन.

“बसा,” ग्रंथपाल म्हणाले.