दोनशे तेरा पोचे आणि एक नारळ

इंग्लंडातील रीडिंग येथील श्री. शशिधर दाबके यांच्या घरासमोर उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनवर दिनांक १३ जून २००६ रोजी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी गारा पडल्या. त्या चार मिनिटे पडल्या. पुढचे प्रकरण नऊ महिने चालले, आणि त्यात गारांचा काहीही दोष नव्हता.

दाबके कौन्सिलमधून, म्हणजे तिथल्या नगरपालिकेतून, निवृत्त झालेले. पार्किंगच्या दंडाविरुद्ध लोक अपील करायचे आणि ती नाकारणारी पत्रे एकतीस वर्षे दाबके लिहायचे. ‘आपली अडचण समजली, तथापि’ ही त्या पत्रांची सुरुवात त्यांची. ‘कोरा रकाना ग्राह्य धरला जाणार नाही’ हा शेवटही त्यांचाच. कॅरॅव्हॅन, म्हणजे मोटारीमागे जोडून ओढायचे चाकांवरचे घर, त्यांनी निवृत्तीच्या आठवड्यातच घेतली. पत्नीला, अरुणाबाईंना, शब्द दिला होता, की एक सकाळ अशी उजाडेल, उशीवरून डोके न उचलता खिडकीत समुद्र दिसेल. त्याला तीन उन्हाळे झाले. पहिल्या उन्हाळ्यात पाऊस होता. दुसऱ्यात रस्त्यांची कामे निघाली होती, खडी उडाली असती. तिसऱ्यात गाद्यांवरचे प्लॅस्टिक काढायला दाबक्यांचे मन धजेना. अरुणाबाईंचे गुडघे मात्र कुठल्याच प्लॅस्टिकात नव्हते.

गारा थांबल्या तेव्हा त्या दारात उभ्या होत्या. जात्यावर कधी बसल्या नव्हत्या, पण आईच्या तोंडची चाल ओठांवर राहिली होती, ती आली:

पडल्या गारा गारा, वाजे पत्र्याचा नगारा
अजून नाही ठावा, बाई, चाकाला गं किनारा

छतावर देवीच्या वणांसारखे पोचे पडले होते आणि छतातली खिडकी तडकली होती. तिच्यावर चिकटपट्टी लावू का, असे दाबक्यांनी विमा कंपनीला फोन करून विचारले. हे विचारायचे नसते, हे त्यांना कळणे शक्य नव्हते. फोनवरच्या क्लोईने गोड आवाजात सांगितले, पाहणी होईपर्यंत कशालाही हात लावू नये. गळतीखाली बादली ठेवली तर? क्लोईने वरिष्ठांना विचारले. घटनेच्या वेळी बादली तिथे होती का? नव्हती. मग ती ठेवल्याने घटनास्थळात बदल होतो. दाबक्यांना नियम पटला. “प्लॅस्टिक होतं म्हणून गादी वाचली,” असे मात्र ते रोज सकाळी अरुणाबाईंना ऐकवत.

तीन आठवड्यांनी झॅकरी नावाचा तरुण निरीक्षक आला. त्याने शिडी लावून एकेका पोच्याभोवती खडूने गोल काढला. दोनशे तेरा भरले. मग पुढच्या कडेशी, जिथे कॅरॅव्हॅन मोटारीला जोडतात तिथे, तो वाकला. तिथल्या पोच्यात लाल रंग होता.

“ही गार लाल होती?”

“तो नारळाचा आहे,” दाबके म्हणाले. “नवी गाडी घेतली की फोडतो आम्ही. जरा जोरात बसला.”

“कशासाठी फोडता?”

“गाडीला काही होऊ नये म्हणून.”

झॅकरीने लिहून घेतले: पोचा क्रमांक २१४, नारळ, मालकाने स्वतः मारला, नुकसान टाळण्यासाठी.

मग त्याने टायर पाहिले. नव्या रबराला असतात ते बारीक केस अजून शाबूत होते. आत गाद्यांवर प्लॅस्टिक, चमच्यांवर दुकानाच्या चिकट्या. शेवटची कुठे नेली होती, असे त्याने विचारले.

“कुठेच नाही.” दाबक्यांची छाती किंचित पुढे आली. “तीन वर्षांत एक ओरखडा नाही. बघा हवं तर.”

अरुणाबाईंनी डोळे मिटून घेतले.

आठवड्याभरात पत्र आले. विमा प्रवासी कॅरॅव्हॅनचा आहे. आपल्या कॅरॅव्हॅनने प्रवास केलेला नाही. सबब ती कॅरॅव्हॅन नसून बांधकाम आहे. घराच्या विम्याकडे जावे. घराच्या विमावाल्यांनी कळवले, की बांधकामाला चाके नसतात. तरीही बांधकाम म्हणायचे असल्यास कौन्सिलचा दाखला जोडावा. कौन्सिलने दाखला दिला नाही. तत्परतेने नोटीस दिली: घरासमोर विनापरवाना बांधकाम आढळले, ते अठ्ठावीस दिवसांत हलवावे. हलवतो, असे दाबक्यांनी पहिल्या कंपनीला कळवले. तिने उलट टपाली उत्तर दिले: प्रकरण बंद होईपर्यंत हलवू नये.

दाबक्यांनी कौन्सिलची नोटीस चष्मा पुसून पुन्हा वाचली. ‘आपली अडचण समजली, तथापि.’

“मसुदा सुरेख आहे,” ते म्हणाले. “माझाच आहे.”

क्रॉयडनहून, इंग्लंडातच वाढलेल्या मुलीचा, सियाचा, तिच्या मराठीत फोन आला. “बाबा, तू ते घर आहे का गाडी आहे ते डिसाइड कर ना. आई किती वर्षं वाट बघतोय.”

त्या संध्याकाळी अरुणाबाई कपबशा आवरता आवरता थांबल्या. “अहो, त्यांना एवढंच विचारा. प्रवास केला तर ती कॅरॅव्हॅन होईल ना?”

दाबक्यांनी विचारले. उत्तर यायला सप्टेंबर उजाडला. होईल. अर्जदाराने एक मुक्काम करावा आणि छायाचित्रे पाठवावीत. त्यांत सामान्य वापराच्या खुणा स्पष्ट दिसाव्यात.

अशा रीतीने, विमा कंपनीच्या लेखी आदेशावरून, दाबके पती-पत्नी वेल्सच्या किनाऱ्यावर गेले. सकाळ झाली. अरुणाबाईंनी उशीवरून डोके उचलले नाही. खिडकीत समुद्र होता, राखाडी, चुण्यांचुण्यांचा, धुऊन वाळत टाकलेल्या लुगड्यासारखा. मग त्या उठल्या, बाकाच्या गादीवरच्या प्लॅस्टिकला नख लावले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ते फाडले. दाबक्यांनी दात आवळले. अरुणाबाईंनी चहाचा कप घेतला आणि शांतपणे थोडा गादीवर ओतला.

“खूण हवीय ना त्यांना?”

दाबक्यांनी डागाशेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढला. मग काही सुचेना, म्हणून ते बायकोशेजारी बसले. गादी मऊ होती. ही माहिती त्यांना नवी होती.

दावा मंजूर झाला. छत बदलले, खिडकी बदलली, डाग पडलेली गादीही बदलली. मार्चमध्ये कॅरॅव्हॅन परत आली ती दुकानातून आणल्यासारखी. फक्त पोचा क्रमांक २१४ नियमात बसत नसल्याने जागेवर ठेवला होता. अरुणाबाईंनी दोन पिशव्या भरल्या आणि दारात आणून ठेवल्या. मागून दाबके आले. त्यांच्या काखेत प्लॅस्टिकची नवी गुंडाळी होती.

“आता परत नवी झालीय ना,” ते हळुवारपणे म्हणाले. “यंदाचं वर्ष जरा जपू.”

अरुणाबाईंनी नारळाच्या पोच्यात बोट ठेवले. तेवढीच एक जागा वापरलेली होती.

वाचकांना दाबक्यांचे हसू आले असल्यास ते समजण्यासारखे आहे. तथापि, हसून झाल्यावर त्यांनी पुढील माहिती भरून द्यावी. काचेच्या कपाटातला डिनर सेट: शेवटचा वापर कधी. रिमोटवरचे प्लॅस्टिक: कोणासाठी. ‘पुढच्या वर्षी नक्की’ असा शब्द ज्या माणसाला दिला आहे, त्याचे गुडघे: सध्याची स्थिती.

कोरा रकाना ग्राह्य धरला जाणार नाही.