डोस बरोबर गेला का?

"आता अंदाजपंचे दाहोदरसे बंद," उपेंद्रने चेन्नईच्या एका रुग्णालयाच्या कॅन्सर विभागात जाहीर करून टाकलं. रेडिएशन देण्याआधी मशीन रोज पेशंटच्या आतला फोटो काढतं. त्यावरून डोस खरोखर कुठे आणि किती पोचला, हे त्याचं नवं सॉफ्टवेअर सांगणार होतं.

"आधी एका पेशंटवर दाखव," विभागप्रमुख डॉ. कमलिनी म्हणाल्या. "आणि घरच्यांना नीट समजावून सांग."

पेशंट निघाल्या मैलापूरच्या राजसबाई. घशाचा कॅन्सर. सोबत नवरा वेंकोबा, तंजावरी मराठी बोलणारे. उपेंद्र हरखलाच. तमिळमध्ये इतकी वर्षं ठेचा खाल्ल्यावर मराठीत ज्ञान पाजळायची संधी कोण सोडतो?

"काका, डोस फार महत्त्वाचा. कमी पडला तर उपयोग नाही, जास्त झाला तर त्रास. म्हणून रोज फोटोवरून डोस तपासायचा."

"रोज फोटो पाठवितों, सार," वेंकोबा गंभीरपणे म्हणाले. उपेंद्र तोवर मशीनकडे चालू पडला होता.

चेन्नईत डोस म्हटल्यावर म्हाताऱ्या माणसाला काय ऐकू येणार, हे उपेंद्र सोडून कुणालाही कळलं असतं. दुसऱ्या सकाळी त्याच्या फोनवर आला स्टीलच्या ताटातला दोसै, म्हणजे आपला डोसा! किती प्रेमळ माणूस, म्हणत उपेंद्रने अंगठा पाठवला. मग काय, रोज डोसा आणि रोज अंगठा.

तिसऱ्या आठवड्यात सॉफ्टवेअरचा पडदा लाल झाला. राजसबाईंचा डोस जागा सोडून भलतीकडे चालला होता.

"तुझं सॉफ्टवेअरच चुकत असेल," कमलिनी म्हणाल्या.

"नाही हो मॅडम, मशीनने काढलेले मानेचे फोटोच दाखवतो, फोनमध्ये घेतलेत." त्याने भर बैठकीत घाईघाईने फोन मोठ्या पडद्याला जोडला. पडद्यावर डोसा आला. सगळे खो खो हसले. उपेंद्र घाम पुसत बोट फिरवत होता, पण डोशामागून डोसाच.

"थांब," कमलिनी म्हणाल्या. त्यांचं हसू मावळलं होतं. "पुन्हा पहिल्यापासून दाखव."

पहिला डोसा ताटाबाहेर गेला होता. मग तळहाताएवढा. कालचा तर जेमतेम पुरीएवढा, दुधात कुस्करलेला. बाई वाळत चालल्या होत्या. मान बारीक झाली होती आणि ती हलू नये म्हणून घातलेला जाळीचा मुखवटा सैल पडला होता. सॉफ्टवेअर खरं बोलत होतं.

वेंकोबांना बोलावलं. "तीस गिळवेना, सार. ती पुरे म्हणे, मी लहान घाली," ते म्हणाले. "तुम्ही रोज अंगठा पाठवलांत, म्हणून धीर धरला."

उपेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने म्हाताऱ्याचे हात धरून माफी मागितली.

नवा मुखवटा झाला, नवा प्लॅन झाला, राजसबाईंना कंजी, म्हणजे तांदळाची पातळ पेज, सुरू झाली. पडदा हिरवा झाला तसा उपेंद्र धावतच बाहेर आला. "काका, आजचा डोस अगदी बरोबर गेला!"

वेंकोबा गोंधळून बायकोकडे बघू लागले. "आज दोसै कुठला, सार? आज कंजी दिली," ते म्हणाले, आणि मग त्यांचे डोळे भरून आले. "पण ती सारी पोटांत गेली."

तेव्हा कुठे उपेंद्रच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने अंगठा वर केला.