तात्यांचा अंगठा

मस्केतात्यांच्या हातात हात दिला, की तो परत कधी मिळेल याची खात्री नसते. आपण साधा जयभीम घालावा, तर ते हसून आपला हात हातात घेतात आणि अंगठा व पहिलं बोट यांच्यामधल्या मऊ भागात स्वतःचा अंगठा रुतवतात. आपण विव्हळलो, की समाधानानं मान हलवतात. "पोट साफ न्हाई तुमचं." नाही विव्हळलो, तर आणखी थोडं दाबतात. मग आपण विव्हळतोच.

परळीत स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं औषधाचं दुकान आहे आणि दुकानापुढं एक बाकडं आहे. तात्या माझे शेजारी. सकाळी मी शटर वर केलं, की ते बाकड्यावर साचलेली वीज केंद्राची राख फडक्यानं पुसतात आणि बसतात. बाम मागायला आलेलं गिऱ्हाईक माझ्यापर्यंत क्वचितच पोचतं.

"बाम कावून घ्यायलाव? हिकडं बसा."

गिऱ्हाईक बसतं. तात्या त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकतात, मानेजवळची एक जागा शोधतात आणि अंगठा टेकवतात. जरा वेळानं गिऱ्हाईक मान डावीकडं-उजवीकडं फिरवून बघतं, कौतुकानं हसतं आणि बाम न घेताच जातं. सुरुवातीला मला याचं वाईट वाटायचं. पुढं लक्षात आलं, की बरेच जण दुसऱ्या दिवशी परत येतात. मान मोकळी झालेली असते, पण तात्यांनी दाबलेली जागा ठणकत असते. मग बाम खपतो.

तात्या जन्मभर इथल्या वीज केंद्रात फिटर होते. वाफेच्या लाईनी आणि वॉल्व्ह यांच्यात त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून एका ठेकेदाराबरोबर परराज्यात नव्या प्रकल्पाच्या कामावर गेले. तिथं चिनी तंत्रज्ञ आले होते. एके दिवशी पाईप उचलताना तात्यांची कंबर धरली. सरळ होता येईना. त्या चिन्यांपैकी ली नावाचा एक किडकिडीत माणूस पुढं आला. त्यानं तात्यांना वर्कशॉपच्या टेबलावर पालथं झोपवलं, पाठीवर टॉवेल पसरला आणि आपलं कोपर कंबरेत रोवलं.

"पयल्यांदा वाटलं, ह्यो मला मारायलाय," तात्या सांगतात. "मंग वाटलं, मेलोच. मंग उठून बसलो अन् च्या प्यालो."

त्या दिवसापासून ली हा तात्यांचा उस्ताद झाला. काम सुटल्यावर दोघं टेबलापाशी जमायचे. लीला हिंदी येत नव्हती, तात्यांना चिनी येण्याचा प्रश्न नव्हता. "त्यानं दाबायचं, मी वरडायचं. मी दाबायचं, त्यानं वरडायचं. दुसरी भाषाच लागली न्हाई." ढकलणं, चिमटीत धरणं, मुठीच्या पाठीनं पोळी लाटल्यासारखं लाटत नेणं, हे सगळं ते तसंच शिकले. या विद्येचं नाव तुईना. परळीत आल्यावर त्यांनी ते बाकड्यावर जाहीर केलं, तेव्हा एकानं विचारलं, "तुही ना? मंग माही कुटंय?" तात्या हसले नाहीत. त्याचा हात मागून घेतला आणि त्याची कुठंय ते दाबून दाखवलं.

अंगठ्याजवळच्या त्या जागेला चिनीत हेगू म्हणतात. हे सांगितल्यावर बाकड्यावर जे होतं ते दर वेळी होतं. तात्या शांतपणे थांबतात. "हसून घ्या. हसल्यानं बी लाईन मोकळी होती."

लाईन हा त्यांचा आवडता शब्द. अंगात 'ची' नावाची शक्ती वाहते, असं लीनं हातवाऱ्यांनी सांगितलं होतं. तात्यांना ते चटकन पटलं. "ची म्हंजी वाफ. बॉयलर पोटात. लाईनी समद्या अंगभर. कुठं चोक झालं, की प्रेशर चढतंय अन् माणूस चिडचिड करतंय." माझ्या मानेला त्यांनी मागंच नापास केलंय. दिवसभर खाली वाकून गोळ्यांची पाकिटं वाचल्यामुळं माझे दोन्ही वॉल्व्ह बसलेत, असं त्यांचं निदान आहे. गिऱ्हाईक नसलं, की ते माझी मान घेतात. दाबताना ब्रह्मांड आठवतं. पण नंतर थोडा वेळ डोकं इतकं हलकं असतं, की उधारीवालाही भला माणूस वाटतो.

तेल ते वापरत नाहीत. "तेल वड्याला," म्हणतात. आणि ही विद्या परक्या देशाची, असं कुणी म्हटलं तर त्यांना चालत नाही. "आपला बुद्ध तिकडं गेलता का न्हाई? मंग त्यांनी परतभेट दिली. भेट आलेली ठेवून घ्यावी माणसानं."

एकदा मात्र ही परतभेट चांगलीच अंगाशी आली. धारूरला तात्यांच्या पुतण्याचं लग्न होतं. मीही गेलो होतो. पुतण्याची पाठ धावपळीनं आखडली होती, म्हणून तात्यांनी आदल्या दिवशी त्याला पालथं घातलं, आणि लीनं शिकवल्याप्रमाणं चहाच्या काचेच्या पेल्यात कापूस पेटवून तो विझता विझता पेला पाठीवर चिकटवला. असे चार पेले. पाठ मोकळी झाली. पण हळदीला नवरदेव उघडा बसला, तेव्हा पाठीवर चार गोल, जांभळे डाग. हळद लावणाऱ्या बायांचे हात जागच्या जागी थांबले. कुजबुज मुलीकडच्या पाहुण्यांपर्यंत गेली आणि मुलीचा मामा उठून आला. भला दांडगा गडी, एक हात कंबरेवर.

"पोराला रोग काय हाय, ते आधी सांगा. मंग पुढचं बोलू."

नवरदेवाच्या आईनं पदर तोंडाला लावला. तात्या शांतपणे पुढं आले आणि भर मांडवात त्यांनी सदरा वर केला. त्यांच्या पोटावरही तसेच दोन गोल.

"रोग आमच्या घराण्यात न्हाई, पाव्हणं. गिलासात हाय."

मग त्यांनी लीपासून बॉयलरपर्यंत सगळं समजावून सांगितलं. मामा डाग निरखत राहिला. शेवटी खालच्या आवाजात म्हणाला, "माही बी कंबर लई दिस धरलीय." तात्या त्याला घेऊन आतल्या खोलीत गेले. बाहेर हळद पुन्हा सुरू झाली. थोड्या वेळानं मामा बाहेर आला, तो दोन्ही हात मोकळे सोडून. लग्नात सगळ्यात जास्त तोच नाचला.

एवढं असलं, तरी तात्यांचे काही नियम आहेत. ताप, छातीतलं दुखणं, मोडलेलं हाड यांना ते हात लावत नाहीत. "ते डाक्टरचं खातं." गरोदर बाईला तर लांबूनच हात जोडतात. आणि गावात एक माणूस असं होतं, ज्यानं तात्यांना कधी हात लावू दिला नव्हता. ते म्हणजे सुमनकाकू, त्यांची बायको.

काकू बोलायला फटकळ. मी एकदा विचारलं, तेव्हा भांडी घासता घासता म्हणाल्या, "नौकरी व्हती तवर शिफ्टा. आमी उठायच्या वक्ताला हे झोपायचे. लेकरं कवा मोठी झाली, कळलं न्हाई ह्यांना. आता रिकामे झाले, तर अख्ख्या परळीचे हात धरत बसलेत. मला न्हाई धरायचा कुनी हात." तात्या दारात उभे होते. त्यांनी ऐकलं आणि दुकानाकडं निघून गेले. त्या दिवशी बाकड्यावर त्यांनी कुणाचीही लाईन तपासली नाही.

गेल्या वर्षी काकू ओल्या पायरीवरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. तात्या माझ्या दुकानात आले, ते अनवाणीच. रिक्षातून दवाखान्यात जाताना ते काकूंच्या शेजारी बसले, पण हात स्वतःच्या गुडघ्यांवर घट्ट दाबून. प्लास्टर झालं. पुढचे दिवस चुलीपाशी तात्याच. काकूंची वेणीही त्यांनीच घातली. ती दोरखंडासारखी व्हायची आणि काकू ती तशीच मिरवत दारात बसायच्या. कुणी हसलं, तर म्हणायच्या, "फिटरनं घातलीय. सुटायची न्हाई."

प्लास्टर निघालं, तेव्हा मनगट काठीसारखं ताठ झालेलं. मूठ वळेना. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि हलक्या हातानं चोळायला परवानगी दिली. तात्यांनी ते माझ्यासमोर दोनदा विचारून घेतलं. "हलकं म्हंजी किती हलकं?" अख्ख्या तालुक्याला रडवणारा माणूस हे विचारत होता.

त्याच दिवशी दुपारी मी औषध द्यायला गेलो, तर दोघं ओसरीवर. काकूंचा हात तात्यांच्या मांडीवर, टॉवेलात. तात्या तो दोन्ही हातांत धरून नुसते बसले होते.

"दाबा की," काकू म्हणाल्या. "परक्याला कोपर घालता, अन् मला नुसता हात धरून बसलाव."

"दुखंल तुला."

"दुखू द्या. लई दिवसांनी धरलाय, जरा कामाला तरी येऊ द्या."

तात्यांनी मग बोटांच्या टोकांपासून सुरुवात केली. एकेक बोट अगदी हळू, जणू काचेचं. काकू रस्त्याकडं तोंड फिरवून बसल्या. मी औषध उंबऱ्यावर ठेवलं आणि परत फिरलो.

तेव्हापासून दुपारी तात्या बाकड्यावर नसतात. तेवढ्या वेळात गिऱ्हाईक सरळ माझ्यापर्यंत येतं. महिने गेले, काकूंची मूठ वळायला लागली, त्या भाकरी थापायला लागल्या.

परवा सकाळी मी आमच्या सामाईक नळावर होतो. काकू आल्या आणि पाण्यानं काठोकाठ भरलेली बादली त्याच उजव्या हातानं उचलून, हिंदकळू न देता, पायऱ्या चढून गेल्या. शेजारीच तात्या दात घासत उभे होते. त्यांनी बघितलं, चूळ भरली.

दुपारी त्यांच्या दारावरून जाताना आवाज आला.

"आज कसं हाय मनगट?"

"हाय की अजून," काकू म्हणाल्या. "ठणकायलंय."

मी आत डोकावलो. काकूंनी हात पुढं केला होता, आणि तात्या चष्मा वर सरकवून टॉवेलाची घडी उलगडत होते.